ऑक्टोबरची कातरणी

४ फेब्रुवारी

ऑफिसच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज थोडं लिहीत जा, मन मोकळं होतं. माझं मन मोकळंच आहे, पण वही आयती मिळाली म्हणून लिहिते. एक गोष्ट आधीच ठरवून टाकते. या वहीत कामाचं लिहीन, नवऱ्याचं नाव येणार नाही. तो ऑक्टोबरमध्ये गेला, गावाहून इथे ईस्ट लंडनला, आमच्या बंदराच्या शहरात, परत येताना, रस्त्यावर. तेवढं पुरे.

काल काळे कपडे उतरवले. आमच्यात नवरा गेला की वर्षभर घालायचे असतात, माझे तीनच महिने झाले. पण पुढच्या पंधरवड्यात प्रांताची गुंतवणूक परिषद आहे. आणि आमच्याकडे काळ्यातल्या बाईने कोणाशी हात मिळवायचा नाही, चारचौघांत बसायचं नाही, दिवस मावळायच्या आत घरात यायचं, मेंढरांच्या वाड्याकडे तर फिरकायचंसुद्धा नाही. अशा बाईने प्रांतात गुंतवणूक आणायची कशी? गावी जाऊन सासूबाईंना तोंडावर सांगितलं. सगळा गाव त्यांना कुळाच्या नावाने मादलोमो म्हणतो, मीही इथे तेच लिहीन. त्या घेवडा निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "नोकरी आहे तुझी." एवढंच. कपड्यांची पिशवी त्यांच्या ट्रंकेवर ठेवली आणि निघाले. वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं.

२१ फेब्रुवारी

परिषद पार पडली. दरवर्षीचीच भाषणं, दरवर्षीचंच माहितीपत्रक: बंदर, मोटारींचे कारखाने, पवनचक्क्या, आणि मुखपृष्ठावर दात दाखवणारी एक बाई. ती बाई या प्रांताची नाही, फोटो विकत घेतलेला आहे. मी यंदा हट्टाने लोकरीचा तक्ता लावला होता. मेंढ्या आमच्या, कातरणार आम्ही. धुणार चीनमध्ये, सूत काढणार इटलीत, आणि तयार कोट परत आमच्याच मॉलमध्ये, आम्हाला परवडू नये अशा भावात. लोक तक्ता वाचून हसत होते आणि पुढे जाऊन पवनचक्क्यांची टोपी घेत होते.

एक बाई मात्र थांबल्या. ओर्नेल्ला, इटलीतल्या एका सूतगिरणीच्या. त्यांना लोकर धुण्याचा कारखाना मेंढ्यांच्या जवळच काढायचा आहे. पाणी, रस्ता, वीज सगळं विचारून झाल्यावर म्हणाल्या, "मला इमारतीची काळजी नाही. लोकर नक्की मिळेल का, याची आहे." म्हणून त्यांची अट अशी की गावोगावच्या कातरणी-शेड्सनी, म्हणजे मेंढीवाल्यांच्या मंडळांनी, पाच वर्षं लोकर दलालाला न देता कारखान्याला देऊ, असं लिहून द्यावं. मुदत सप्टेंबरअखेर. आणि सुरुवात सगळ्यांत स्वच्छ लोकर देणाऱ्या शेडपासून, बाकीच्या शेड्स तिच्याकडे बघून येतात हे त्यांनाही कोणीतरी सांगितलं होतं.

सगळ्यांत स्वच्छ लोकर त्सोमोकडच्या क्वामझोलाची. म्हणजे माझं सासर. शेडच्या अध्यक्ष मादलोमो.

आमचे साहेब, मिस्टर म्बांगा, टाळी देऊन म्हणाले, "लिंडेल्वा, सासर कामाला आलं की! असं नशीब माझ्या वाट्याला कधी आलं नाही. माझी सासू मला चहासुद्धा मोजून देते."

१६ मार्च

ओर्नेल्लाबाईंना गावी नेलं. शेड बघून त्या खूश झाल्या. लोकर निवडायचं लाकडी टेबल त्यांनी हात फिरवून बघितलं. शेडचे सचिव गोबोडो, सगळ्या गावाचे ताता, म्हणजे बाबा, यांनी गेल्या वर्षीचा नमुना दाखवला, तेव्हा तो नाकाला लावून बराच वेळ उभ्या राहिल्या. मी बाहेर थांबले. मला लोकरीच्या तुपकट वासाने हल्ली मळमळतं.

मादलोमो शेडवर आल्या नाहीत. घरी गेलो तर दाराशेजारी चटईवर बसलेल्या, अंगावर काळं. मुलगा गेलाय, आई काळं नेसणारच. पण ओर्नेल्लाबाईंनी हात पुढे केला तर यांनी शालीखालून हात काढला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडीत सारवासारव केली की वय झालंय, संधिवात आहे. ज्या बाई दोन वर्षांपूर्वी मेंढा पायांत धरून त्याचे खूर तासायच्या, त्यांना मी संधिवात लावला.

झगाही कुठला जुना काढला होता कोण जाणे, घोट्याच्या बराच वर. त्या उंच आहेत, मी त्यांच्या खांद्यालाही लागत नाही. म्हातारपणी माणूस आटतं म्हणतात, या वाढल्याशा दिसतात.

११ मे

शेडवर सभा घेतली. तीसेक सभासद, निम्म्याहून जास्त बाया. कारखाना आला तर सव्वाशे जणांना काम, दलालाची कटकट नाही, रस्ता डांबरी होणार, मुलं केपटाऊनला जायची थांबतील. मी चांगलं बोलते हे मला माहीत आहे. लोक माना डोलावत होते. शेवटी विचारलं, "मग सह्या करायच्या?"

ताता गोबोडो म्हणाले, "करायच्या की. त्याला कोण नाही म्हणतंय?"

"मग करा."

"अध्यक्ष आल्यावर."

"त्या कधी येणार?"

"कातरणीला येतील. ऑक्टोबर संपता संपता."

"ताता, मुदत सप्टेंबरची आहे."

"मग तुझ्या पाहुणीला सांग, माकोटी, थोडं थांब. लग्नाला नाही का लोक थांबत?"

गावात मी अजून माकोटीच, सूनबाई. सतरा वर्षं झाली तरी. मी म्हटलं, अध्यक्ष सभेला येत नसतील तर दुसरा अध्यक्ष निवडा, नियमात तशी सोय आहे. मागच्या बाकावरची एक म्हातारी माझ्याकडे असं बघत राहिली की जणू मीच काहीतरी विसरून आले होते. बाहेर पडताना ताता गोबोडोंना बाजूला घेऊन विचारलं, नक्की अडलंय कुठे?

ते टोपी काढून डोकं खाजवत म्हणाले, "हे आम्ही तुला सांगायचं नसतं."

हे असं असतं. तुम्ही गुंतवणूक आणा, आणि लोक तुम्हाला सांगायचं नसतं म्हणतात.

५ जून

अहवाल पाठवला. 'प्रकल्पातील जोखीम' या मथळ्याखाली लिहिलं: स्थानिक नेतृत्व निष्क्रिय, अध्यक्ष कामकाजात सहभागी होत नाहीत, नेतृत्वबदलाची शिफारस. नाव लिहिलं नाही. साहेब वाचून म्हणाले, "सासूबद्दल इतकं सभ्य भाषेत मी आजवर वाचलं नव्हतं."

मी हसले. अहवाल खरा आहे. जोखीम ती जोखीम, मग ती कोणाचीही आई असो.

२ जुलै

साहेबांनी सुचवलं म्हणून मी बाजूला झाले आणि ऑफिसातल्या लवाझीला गावी पाठवलं. पोरगा हुशार आहे, शिवाय त्याच्या घरच्या मेंढ्या आहेत, म्हणजे भाषा तीच. संध्याकाळी परत आला तो एक जिवंत कोंबडी आणि मक्याचं पोतं घेऊन. सही नाही.

"अहो मॅडम, काय पाहुणचार केला! पण सही म्हटलं की म्हणतात, हे काम आमच्या माकोटीने आणलंय, ते तिच्याच हातून होऊ दे. आणि तुमच्या सासूबाई तर..."

"काय?"

"काही नाही. भल्या आहेत."

तो काहीतरी गिळत होता. मी खोदून विचारलं नाही. कोंबडी ऑफिसच्या शिपायाने नेली.

२५ ऑगस्ट

ओर्नेल्लाबाईंची दर आठवड्याला ईमेल. शेजारच्या प्रांतात त्यांना जागा, पाणी आणि सह्या, तिन्ही तयार दाखवलंय कोणीतरी. त्या सरळ बाई आहेत. लिहितात, मला तुमची लोकर हवी आहे, पण माझ्या संचालकांना तारीख हवी आहे.

गावी फोन केला. मादलोमोंना फोनवर बोलायला आवडत नाही, त्या तो तोंडापासून हातभर लांब धरून ओरडतात.

"जेवतेस का?"

"जेवते. आई, मुदत..."

"झोप लागते का?"

"लागते." लागत नाही. "आई, महिना राहिलाय फक्त."

"माझेही दोनच राहिलेत," त्या म्हणाल्या. "होईल सगळं. तू तुझं काम कर, इथलं मी बघते."

दोनच काय राहिलेत, ते विचारायच्या आत फोन ठेवला. दात असतील. मागे म्हणत होत्या.

त्यांचं सगळं विचित्र चाललंय, हे ताता गोबोडोंच्या बोलण्यातूनही कळतं. मेंढरांच्या वाड्याकडे जात नाहीत. विहिरीवर जायचं तर घरांच्या मागून, लांबच्या वाटेने. कोणाच्या लग्नाला नाहीत, बारशाला नाहीत. ज्या बाईचा मेंढरांवर पोटच्या पोरापेक्षा जास्त जीव होता, तिने असं करावं? तिच्या मुलाचाही होता. ऑक्टोबर आला की या शाळामास्तराची रजा, आणि हा कात्री घेऊन गावी. परत आला की आठवडाभर हातांना लोकरीचा वास. मी उशीचे अभ्रे दोनदा धुवायचे.

वरची चार वाक्यं कामाची नाहीत. राहू देत.

२४ सप्टेंबर

सुट्टी होती. एकटीच गाडी काढून बटरवर्थवरून गावी गेले. शेवटचा प्रयत्न. मादलोमो तिथेच, दाराशेजारी, चटईवर. तोच आखूड झगा. मी कागद समोर धरला.

"आई, सभा नको, भाषण नको. इथे एक सही करा. तुमची झाली की बाकीचे करतील."

"लोकरीची सही शेडमध्ये होते. चटईवर नाही."

"मग चला शेडमध्ये. मी नेते गाडीतून."

"आत्ता नाही."

"का?"

"आत्ता नाही म्हटलं ना."

मग माझा तोल गेला. मी सहसा आवाज चढवत नाही. म्हटलं, "तुमच्या दुःखापायी अख्ख्या तालुक्याची कामं जातील, कळतंय का तुम्हाला? सव्वाशे घरं! मलाही दुःख झालं होतं. मी उठले की नाही? कामाला लागले की नाही?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही.

"माझ्या दुःखापायी," त्या म्हणाल्या. म्हणजे नुसतं माझंच वाक्य परत म्हणाल्या, ताक घुसळताना बायका पुटपुटतात तसं. मग उठून आत गेल्या आणि वाटेसाठी वाफवलेल्या पावाची अर्धी लादी फडक्यात बांधून दिली. ऊन उतरायला लागलं होतं, तर मला म्हणाल्या, "जा आता, मला दार लावू दे."

पाव बटरवर्थच्या पेट्रोलपंपावर उभ्याने खाल्ला. चांगला झाला होता.

१ ऑक्टोबर

मुदत संपली. ओर्नेल्लाबाईंचा फोन आला, ईमेल नाही, हे मी लक्षात ठेवीन. कारखाना शेजारच्या प्रांतात जातोय. म्हणाल्या, "तुमच्याइतकं मन लावून कोणी काम केलं नव्हतं." मी आभार मानले. साहेबांनी खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, पुढच्या परिषदेत पवनचक्क्या बघ.

मला काही विशेष वाटलं नाही. हे लिहितानाही वाटत नाही. डॉक्टरीणबाईंना विचारायला हवं, हे बरं की वाईट.

१५ ऑक्टोबर

ताता गोबोडोंचा फोन. "माकोटी, सव्वीसला शनिवार आहे. घरी ये. सकाळी लवकर. आणि तो कागद घेऊन ये."

कारखाना गेल्याचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. फोनवर सांगण्यासारखं नाही ते. वर्षश्राद्धासारखं काही असेल, तेव्हाच सांगेन. कागदही नेईन. कागद म्हणून आता त्याला अर्थ नाही.

२६ ऑक्टोबर

घरी आले आहे.

पोचले तर अंगणात मोठं पातेलं, ज्वारीची बिअर गाळणं चाललेलं, मेंढा कापलेला, बाया घोंगड्या आणि टॉवेल भेट घेऊन बसलेल्या. मला वाटलं त्याच्यासाठी प्रार्थना आहे. मी बायांमध्ये जाऊन बसले. तेवढ्यात दोन म्हाताऱ्या मादलोमोंना धरून घराच्या मागे घेऊन गेल्या, आणि एक माझ्याजवळ येऊन म्हणाली, "तू पण चल. तुझंच आहे ते."

मागे छोटा जाळ पेटवला होता, वर्ष पुरं झालं की काळं त्यात जाळतात. त्यांनी मादलोमोंची शाल काढली, डोक्याचं फडकं सोडलं, झगा काढला. आणि झगा जाळावर टाकायला ज्या बाईने उचलला, तिच्या हातात त्याची किनार उलटी झाली. तिला हिरव्या दोऱ्याने टाके घातलेले होते. गेल्या नोव्हेंबरमध्ये किनार उसवली तेव्हा घरात काळा दोरा नव्हता. मी हिरव्याने घातले होते ते टाके. उलट्या बाजूने, दिसू नयेत म्हणून.

झगा माझा होता. फडकं माझं. शालीची पिनसुद्धा माझी.

मी काय बोलले ते नीट आठवत नाही. बहुधा, "तुम्ही का घातलेत?" असं काहीतरी.

"मध्येच टाकून चालतं का?" मादलोमो म्हणाल्या. त्या परकरावर उभ्या होत्या आणि कोणीतरी त्यांच्या पाठीवर पाणी ओतत होतं. "त्याचं वर्ष होतं ते. कोणीतरी पुरं करायलाच हवं होतं. तुला जमत नव्हतं, मला जमत होतं."

"मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तू परत घातलं असतंस."

"घातलं असतं!"

"मग नोकरीचं काय झालं असतं, बाई?" हे त्यांनी इतकं साधं म्हटलं, की जणू आम्ही दोघी भाजी काय करायची ते बोलत होतो.

काळ्यातल्या बाईने सभेत बसायचं नाही, परक्याचा हात घ्यायचा नाही, मेंढरांत जायचं नाही. हे नियम मी या वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलेत. आठ महिने ते नियम माझ्या डोळ्यांदेखत एक बाई पाळत होती, आणि मी तिच्यावर अहवाल लिहिला.

नंतर त्यांनी निळा फुलाफुलांचा झगा घातला. नवा, पायघोळ, मापाचा. आणि कोणाची वाट न बघता त्या शेडच्या रस्त्याला लागल्या, मधल्या रस्त्याने, घरांच्या समोरून. त्यांच्या मागे अख्खा गाव. शेडमध्ये कातरणी चालू होती. त्या आत गेल्या तशा कातरणारे कात्र्या खाली ठेवून उभे राहिले. एक अर्धी कातरलेली मेंढी तशीच मध्ये फिरत होती. मादलोमोंनी तिचा कान धरला, दात बघितले, तिला सोडून दिलं, आणि टेबलाशी बसून माझ्याकडे हात पुढे केला.

"आण, माकोटी. आण आता तुझा कागद."

मी तिथे उभी होते आणि मला सांगावं लागलं. कारखाना गेला. पहिल्या तारखेलाच गेला. शेजारच्या प्रांतात.

मेंढ्या ओरडत होत्या. ताता गोबोडोंनी हातातली टोपी गोल गोल फिरवली आणि विचारलं, "म्हणजे आपण उशीर केला?"

"नाही," मादलोमो म्हणाल्या. "आपण वेळेवर आहोत. तेच लवकर गेले." मग माझ्याकडे वळून, "तो कागद काय म्हणतो? आम्ही लोकर देऊ, असंच ना?"

"हो, पण घेणारंच..."

"देणार आम्ही आहोत. घेणारं तू शोध. कुठे चालल्यात मेंढ्या?"

आणि त्यांनी सही केली. मग ताता गोबोडोंनी, मग ओळीने सगळ्यांनी. ज्यांचे हात तेलकट होते त्यांच्या सह्यांवर लोकरीचा डाग पडला. तो वास शेडभर होता, माझ्या उशीच्या अभ्र्यांचा वास, आणि या वेळी मला मळमळलं नाही. मी निवडायच्या टेबलावर डोकं टेकून रडले. मोठ्याने, सगळ्यांसमोर, अख्खा गाव आणि मेंढ्या बघत असताना. कोणी गप्प बस म्हणालं नाही. थोड्या वेळाने माझ्या शेजारी कात्र्या परत सुरू झाल्या.

२८ ऑक्टोबर

साहेबांना कागद दाखवला. म्हणाले, "हा आता कशाला?" मी म्हटलं, पाच वर्षांची लोकर आहे ही, सह्यांनिशी. पुढच्या परिषदेत पवनचक्क्यांशेजारी परत तक्ता लागेल, या वेळी कागदासकट. त्यांनी तो उचलून बघितला, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. जूनचा अहवाल मी परत मागितला आहे. एक परिच्छेद बदलायचा आहे.

मादलोमोंना फोन केला. हातभर लांबून ओरडल्या, "जेवलीस का?" मी खरं सांगितलं, नाही. आणि हेही सांगितलं की माझं वर्ष तुम्ही पुरं केलंत, आता माझ्याकडे त्याच्यासाठी करण्यासारखं काही उरलंच नाही.

त्या म्हणाल्या, "कातरणी अजून पंधरा दिवस चालेल. त्याची कात्री इथेच आहे."

रजेचा अर्ज टाकला आहे. मला कातरता येत नाही, सतरा वर्षांत एकदाही शेडच्या आत जाऊन त्याला काम करताना बघितलं नाही. शिकवायचं तर त्याला दरवर्षीच होतं. वुयानीला ऑक्टोबर फार आवडायचा.